उत्तर मिळेल, पण उत्तरदायी कोण?



आज कुठल्या आजाराविषयी किंवा गोळीविषयी लिहीत नाही. आज लिहितोय तुमच्या हातातल्या मोबाइलविषयी. हा विषय डॉक्टरचा कसा, असं तुम्हाला वाटेल. पण हल्ली बऱ्याच रुग्णांचं दुखणं माझ्याआधी मोबाइलला कळलेलं असतं. रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून थेट व्हॉट्सॲपवर येतो. तिथून तो मुलाकडे, जावयाकडे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. मग कोणीतरी तो एआयच्या चॅटबॉटला दाखवतं. दोन दिवसांत 'गोळ्या बंद, शुगर नॉर्मल' असे व्हिडिओ समोर येऊ लागतात. या रांगेत माझा नंबर चौथा किंवा पाचवा.

याबद्दल माझी तक्रार नाही. रुग्णाने स्वतःच्या आजाराची माहिती करून घ्यावी, हे मी गेली अनेक वर्षं सांगत आलो आहे. पण या सगळ्या प्रवासात एक गोष्ट हरवते, आणि ती हरवल्याचं नुकसान झाल्यावरच कळतं. म्हणून मला सांगायचंय ते एवढंच. आरोग्याची माहिती मोबाइलमधून बाहेर जाताना आणि बाहेरून मोबाइलमध्ये येताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या यात काही चुकलं, तर जाब कोणाला विचारायचा? तसा माणूस किंवा संस्था सापडत नसेल, तर तिथे आपली माहिती देऊ नका, आणि तिथून आलेल्या सल्ल्यावर औषध बदलू नका.

दवाखान्यातलं गुपित कशाच्या जोरावर टिकतं?

तुम्ही माझ्यासमोर बसून जे सांगता, ते कधीकधी घरातल्या माणसांनाही सांगितलेलं नसतं. दारूचं प्रमाण, लग्नाआधीचा आजार, मनात येणारे नको ते विचार. तुम्ही सांगता, कारण डॉक्टर ते बाहेर बोलणार नाही असा विश्वास असतो. हा विश्वास फार जुना आहे. चरकसंहितेत वैद्याच्या शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये असं बजावलं आहे. ग्रीसमधल्या हिपोक्रेटिसच्या शपथेतही तेच आहे.

पण विश्वास नुसत्या शपथेवर चालत नाही. त्यामागे नियम आहेत. भारतातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ सालची व्यावसायिक आचारसंहिता आहे. तिच्यानुसार रुग्णाची गुपितं उघड करायला मला मनाई आहे. अपवाद मोजके: न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि क्षयरोगासारखे सरकारला कळवावेच लागणारे आजार. मी हा नियम मोडला तर तुम्ही राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे माझी तक्रार करू शकता. परिषद माझी नोंदणी काही काळासाठी किंवा कायमची रद्द करू शकते. माझं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, तो याचसाठी. तुम्हाला मला शोधून काढता आलं पाहिजे.

आता नीट लक्ष द्या. हे संरक्षण माझ्या आणि तुमच्यामधल्या नात्याला आहे, तुमच्या रिपोर्टच्या कागदाला नाही. तोच रिपोर्ट तुम्ही फोटो काढून पुढे पाठवलात, की तो ज्याच्या हातात पडतो त्याच्यावर आचारसंहितेचं बंधन नसतं. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरं आहे. पण पोहोचल्यावर तो समोरच्याच्या गॅलरीत जाऊन बसतो, तिथून बॅकअपमध्ये जातो, आणि एका बोटाने पुढे ढकलला जातो. वाट सुरक्षित आहे, म्हणजे मुक्कामही सुरक्षित आहे असं नव्हे.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी नेहमी ऐकतो. त्यावर एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

विशीतल्या एका मुलीला फिट आली. तपासण्या झाल्या, अपस्माराचं निदान झालं, गोळी सुरू झाली. आईने काळजीपोटी मेंदूच्या आलेखाचा रिपोर्ट आणि माझी चिठ्ठी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "कोणाला चांगले डॉक्टर माहीत असतील तर सांगा." हेतू अगदी स्वच्छ होता. सल्लेही आले. पुढे गोळीवर मुलीची तब्येत छान राहिली, पुन्हा फिट आली नाही, नोकरी लागली. दोनेक वर्षांनी लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा समोरच्यांच्या मोबाइलवर तो जुना फोटो आधीच पोहोचलेला होता. वरती नाव, वय, तारीख, सगळं स्पष्ट. बोलणी तिथेच थांबली.

त्या मुलीने आजार लपवावा असं मी मुळीच म्हणत नाही. ती स्वतःच सांगणार होती, आणि गरज पडली तर मी समोरच्यांना समजावून सांगायलाही तयार होतो. अपस्मार औषधाने बहुतेकांमध्ये आटोक्यात राहतो. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिट येण्याला विवाहातला अडथळा मानलं जात होतं, ती तरतूद १९९९ साली काढून टाकली. हे सगळं शांतपणे सांगता आलं असतं. पण काय सांगायचं, कोणाला आणि कधी, हे ठरवण्याचा तिचा हक्क त्या एका फोटोने काढून घेतला. जाब विचारायचा तरी कोणाला? आईला? शंभर जणांच्या ग्रुपमधल्या कोणाला?

खाजगीपणा म्हणजे लपवाछपवी, असा आपल्याकडे समज आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. साध्या भाषेत त्याचा अर्थ, आपल्याविषयी कोणाला काय कळावं हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यातून काही आजार घराण्यात चालणारे असतात. तुमचा रिपोर्ट तुमच्या मुलाबाळांविषयीही बोलत असतो. तेव्हा 'माझं काय, मी साठीचा झालो' हे म्हणणंही पुरतं खरं नाही.

मोफत ॲपची फी कशी भरली जाते?

आता घराबाहेर बघू. पावलं मोजणारं, पाळीची तारीख लक्षात ठेवणारं, औषधावर सूट देणारं, एक रुपयात शुगर तपासून देणारं ॲप तुम्ही घेता. नाव, नंबर, वय आणि आजार लिहिता. खाली 'मला मान्य आहे' यावर टिचकी मारता. ते मान्य काय आहे, हे आपल्यापैकी फारच थोडे वाचतात.

अमेरिकेत 'गुडआरएक्स' नावाची कंपनी औषधांवर सवलतीची कूपनं देते. लोक कोणती औषधं शोधतात ही माहिती तिने जाहिरातींसाठी फेसबुक, गुगल अशा कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही कंपनी १५ लाख डॉलरचा दंड भरायला तयार झाली. कोणी नैराश्याची गोळी शोधतो, कोणी पुरुषांच्या दुर्बलतेची, आणि ही गोष्ट जाहिरातदाराला कळते. दवाखान्यात मी असं केलं असतं तर माझी नोंदणी राहिली नसती.

फिनलंडमध्ये 'वास्तामो' नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या संगणकातून तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० साली चोराने थेट रुग्णांनाच ईमेल पाठवून पैसे मागितले. पैसे द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरांना जे सांगितलं ते इंटरनेटवर टाकतो, अशी धमकी होती. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. नोंदणी, रिपोर्ट सगळं कित्येक दिवस हाताने लिहावं लागलं. म्हणजे संस्था चांगली असली तरी चोरी होऊ शकते. फरक इतकाच की तिथे प्रश्न विचारायला एक पत्ता असतो.

आणखी एक प्रकरण लहान मुलांच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं असं आहे. २०२१ च्या सुरुवातीला कोविडच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या सुजलेल्या गुप्तांगाचा फोटो डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढला. फोटो आपोआप गुगलच्या साठ्यात गेला. तिथल्या संगणकाने तो मुलांच्या लैंगिक शोषणाचा फोटो समजून त्यांचं खातं बंद केलं आणि पोलिसांपर्यंत कळवलं. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं. तरीही त्यांचे अनेक वर्षांचे फोटो, ईमेल, फोन नंबर परत मिळाले नाहीत. डॉक्टरने तो फोटो पाहून औषध दिलं आणि मूल बरं झालं. संगणकाला त्यातलं दुखणं दिसलंच नाही.

आपल्याकडे आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यानुसार तुमची संमती स्वेच्छेने, समजून-उमजून आणि ठरावीक कामापुरतीच घेतलेली असली पाहिजे. ती काढून घेण्याचा, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. कायदा चांगला आहे, पण तो तुमच्या वतीने 'नाही' म्हणायला येणार नाही. ते आपल्यालाच म्हणावं लागेल.

एआयला विचारावं की नाही?

विचारावं, पण कशासाठी विचारायचं ते ठरवून. रिपोर्टमधला 'क्रिएटिनिन' म्हणजे काय, एमआरआयच्या आधी काय काळजी घ्यायची, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू, या कामात ही साधनं खरोखर उपयोगी आहेत. माझे काही रुग्ण त्यांच्या मदतीने प्रश्नांची यादी करून आणतात. त्यामुळे माझाही वेळ वाचतो.

पण ही यंत्रं चालतात कशी, हे थोडं समजून घ्या. त्यांना प्रचंड मजकूर वाचवलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येणं संभवतं, याचा अंदाज बांधत ती वाक्य तयार करतात. म्हणून वाक्य नेहमी सफाईदार असतं, बरोबर असो वा चूक. अनुभवी डॉक्टर नक्की माहीत नसेल तर 'जरा तपासू या' म्हणून थांबतो. यंत्र सहसा थांबत नाही. शिवाय तुम्ही प्रश्नातच उत्तर घातलंत, म्हणजे 'मेथीच्या पाण्याने शुगर उतरते ना?' असं विचारलंत, तर ते तुमच्या कलाने बोलण्याची शक्यता बरीच असते.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिकत आली. मिठाचे दुष्परिणाम वाचून त्यांना आहारातला क्लोराइड बंद करायचा होता. चॅटजीपीटीशी बोलून त्यांनी मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी ते रुग्णालयात पोहोचले, तेव्हा शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय असा त्यांना भ्रम होत होता. ती होती ब्रोमाइडची विषबाधा. हा आजार शंभर वर्षांपूर्वी बराच दिसायचा, आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड, हे उत्तर रसायनशास्त्राच्या काही कामांत चुकीचं नाही. पण 'तुम्हाला हे कशासाठी हवंय?' हा प्रश्न कोणी विचारला नाही. माझ्या धंद्यातलं निम्मं काम हा प्रश्न विचारण्याचं आहे.

मराठीत हा धोका थोडा वाढतो. आपला साधा शब्द घ्या: पित्त. 'पित्त झालंय' म्हणजे आंबट ढेकर आणि जळजळ. 'अंगावर पित्त उठलंय' म्हणजे खाज येणाऱ्या गांधी. आणि मधुमेह असलेले पंचावन्न वर्षांचे गृहस्थ 'सकाळपासून पित्ताने छातीत भरून आलंय, घाम फुटतोय' म्हणाले, तर मी आधी ईसीजी काढतो, कारण तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मी त्यांचा चेहरा बघतो, नाडी बघतो, घाम बघतो. यंत्राला फक्त 'पित्त' हा शब्द मिळतो. त्याने गार दूध सुचवलं आणि त्यात दोन तास गेले, तर हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो तो परत मिळत नाही.

रिपोर्टच्या बाबतीतही एक गणित सांगतो. लॅबची 'नॉर्मल' मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे वीस निरोगी माणसांतला एक जण त्या मर्यादेबाहेर पडणारच. तुम्ही एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्यात, तर तुम्ही ठणठणीत असूनही निदान एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. चॅटबॉट त्या एका लाल आकड्यावर दहा आजारांची यादी देतो. रात्रभर झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी आणखी हजारो रुपयांच्या तपासण्या होतात.

आणि तुम्ही त्याला जे सांगता त्याचं काय? जुलै २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतःच एका मुलाखतीत कबूल केलं, की डॉक्टर किंवा वकिलाशी केलेल्या बोलण्याला कायद्याने जे संरक्षण असतं, ते या गप्पांना नाही. त्याच सुमारास लोकांनी लिंक करून शेअर केलेल्या काही गप्पा गुगलच्या शोधात सापडू लागल्या. लोकांनी तशी परवानगी दिलेली होती, पण तिचा अर्थ अनेकांच्या लक्षात आला नव्हता. कंपनीने ती सोय लगेच काढून टाकली. रात्री दोन वाजता मन मोकळं करायला हे यंत्र जागं असतं, हे मला समजतं. पण ते तुमचा डॉक्टर नाही, आणि डॉक्टरवर असलेली बंधनं त्याच्यावर नाहीत.

व्हिडिओतले डॉक्टर

तिसरा धोका सर्वांत वेगाने वाढतोय. नामवंत डॉक्टरांचा किंवा खेळाडूचा चेहरा आणि आवाज एआयने हुबेहूब बनवून त्यांच्या तोंडी जाहिरात घालतात. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना स्वतःला सांगावं लागलं, की एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा तो व्हिडिओ आपला नाही. आता हाच प्रकार मधुमेह, गुडघेदुखी, प्रोस्टेट यांच्या औषधांसाठी चालतो.

असा व्हिडिओ खरा की खोटा, हे ओठांच्या हालचालीवरून ओळखायला लोक शिकवतात. माझ्या मते त्या भानगडीत पडू नका. तंत्र रोज सुधारतंय, आज दिसणारी चूक उद्या दिसणार नाही. त्यापेक्षा दोन जुने नियम पाठ करा, ते कुठल्याही चष्म्यापेक्षा उपयोगी आहेत.

पहिला नियम: १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, अर्धांगवायू, मोतीबिंदू अशा पन्नासहून अधिक आजारांवर 'बरं करणाऱ्या' औषधाची लोकांसाठी जाहिरात करायला बंदी आहे. दुसरा नियम: मघाशी सांगितलेल्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरला औषधाच्या जाहिरातीत आपलं नाव किंवा फोटो वापरू देता येत नाही.

म्हणजे 'मधुमेह कायमचा बरा' म्हणत औषध विकणारा प्रसिद्ध डॉक्टर व्हिडिओत दिसला, तर तो व्हिडिओ बनावट तरी आहे किंवा खरा असून नियमबाह्य तरी. दोन्ही बाबतींत तुम्ही करायचं ते एकच: पुढे पाठवायचं नाही, घ्यायचं नाही. इथे चूक महागात पडते. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने अशा चूर्णाच्या भरवशावर इन्शुलिन बंद केलं, तर एक-दोन दिवसांतच कीटोॲसिडोसिस होऊन जीवावर बेतू शकतं. त्या वेळी व्हिडिओतला नंबर बंद असतो.

आम्हा डॉक्टरांकडेही बोट जातं

"डॉक्टरांना वेळच नसतो, मग आम्ही मोबाइलला विचारणार नाही तर काय?" हा आक्षेप योग्य आहे. गर्दीच्या ओपीडीत तीन मिनिटांत रुग्ण बाहेर पडतो, आणि त्याच्या मनातले प्रश्न त्याच्यासोबतच बाहेर पडतात. एआय शांतपणे ऐकतं, चिडत नाही, पुन्हा पुन्हा सांगतं. त्या बाबतीत ते आमच्यापैकी अनेकांपेक्षा चांगलं आहे, हे आमच्या व्यवसायाने मान्य करायला हवं.

खाजगीपणातही आमच्याकडे ढिलाई असते. रुग्णाचं नाव दिसत असलेला एक्स-रे डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकणं, रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं आजाराचं नाव घेणं, रुग्णाला न विचारता त्याची माहिती एखाद्या एआय साधनात भरणं, हे थांबलं पाहिजे. तुम्ही आम्हाला बेधडक विचारा: "डॉक्टर, माझे रिपोर्ट कुठे साठवता? कोण बघतं?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आचारसंहितेप्रमाणे रुग्णालयात भरती झालेल्याच्या नोंदी तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं हे आमचं कर्तव्य आहे. त्या नोंदी सांभाळून ठेवणं हाही त्याचाच भाग.

मग नेमकं काय करायचं?

१. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका. ज्याला दाखवायचा त्या एकालाच पाठवा. सल्ल्यासाठी इतर कोणाला दाखवायचा असेल तर नाव, मोबाइल नंबर, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड झाका. अनेक लॅबच्या रिपोर्टवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की पूर्ण रिपोर्ट उघडतो.

२. गुप्तांगाचे किंवा लहान मुलांचे उघडे फोटो शक्यतो काढू नका, प्रत्यक्ष दाखवा. काढावेच लागले तर आधी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा आणि काम झाल्यावर फोटो पुसा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये बॅकअपला कुलूप लावायची सोय आहे, ती सुरू करून घ्या.

३. चॅटबॉटला नाव, पत्ता, नंबर देऊ नका. तुमच्या गप्पा त्याच्या शिकवणीसाठी वापरू नयेत, अशी सोय बहुतेकांच्या सेटिंगमध्ये असते. घरातल्या कॉलेजवाल्याकडून ती लावून घ्या.

४. त्याला 'काय घेऊ?' विचारण्यापेक्षा 'डॉक्टरांना काय विचारू?' आणि 'कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब जायचं?' हे विचारा.

५. इन्शुलिन, रक्तदाब, हृदय, रक्त पातळ करणारी, फिटची, थायरॉइडची आणि स्टेरॉइडची औषधं कोणत्याही ॲपच्या, व्हिडिओच्या किंवा चॅटबॉटच्या सांगण्यावरून सुरू, बंद, कमी-जास्त करू नका.

६. छातीत दुखणं किंवा भरून येणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, फिट येणं. यावेळी काहीही शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.

७. आभा क्रमांक काढला असेल तर तो उपयोगाचा आहे, पण तो ऐच्छिक आहे. कोणत्या रुग्णालयाला, कोणते कागद, किती दिवसांसाठी बघू देताय ते वाचून संमती द्या. ती मागेही घेता येते.

८. सल्ला देणाऱ्याचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते.

९. औषधाच्या किंवा विम्याच्या नावाखाली पैसे गेले, ओटीपी दिला गेला, तर लाज बाळगू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी एक विनंती. एआयला विचारलं ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांपासून लपवू नका. त्याने काय सांगितलं ते मोबाइलवर उघडून समोर ठेवा. काही डॉक्टर कपाळाला आठ्या घालतील, घालू द्या. तुम्ही काय वाचलंय, कशाची भीती बसलीय, कोणती गोळी मधेच थांबवलीय, हे कळल्याशिवाय आम्हाला उपचार नीट करता येत नाहीत. त्या उत्तरातलं बरोबर काय आणि चूक काय, हे तपासून सांगण्याची जबाबदारी आमची आहे. आम्ही सांगितलेलं चुकलं, तर आम्हाला धरायला आमचं नाव आणि पत्ता तुमच्याकडे आहे.

काळजी घ्या, आणि हा लेख पुढे जरूर पाठवा. याच्यात कोणाचा रिपोर्ट नाही!